आधी नंबर, मग घंटी

शाळेतल्या बाई चष्मा परत घेऊन कारखान्यात आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ होतं. नवा चष्मा घालून घराबाहेर पडायला निघाले आणि दाराऐवजी भिंतीतूनच बाहेर पडायला बघितलं, असं त्यांनीच सांगितलं, तेही हसत. मालकांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी चष्मा नंबरवाल्या काकांच्या हातात दिला. घासून आलेली प्रत्येक काच तपासणं हे काकांचं काम, आणि बाईंची काच घासली नेमके त्याच दिवशी ते सुट्टीवर होते. काकांनी चष्मा यंत्राखाली धरला, एक डोळा मिटला आणि म्हणाले, हा बाईंचा नंबरच नव्हे. बाईंच्या आधी ज्याची काच घासली, त्याचा आहे.

मग सगळ्यांनी वळून मावशीकडे बघितलं.

बघायचं कारण सरळ होतं. घासायच्या मशिनवर मावशी असते. कोरी काच पकडीत बसवायची, ऑर्डरचा आकडा टाइप करायचा, हिरवं बटण दाबायचं. पुढे मशीनच त्या गिऱ्हाइकाचा नंबर शोधून आणतं आणि काच घासायला घेतं. आकडा चुकला तर माणूस चुकलं, एवढं साधं. मावशीच्या हातून इतक्या वर्षांत कधी काच फुटली असेल, पण नंबर चुकला नव्हता. आणि आता आठवड्यातून एक-दोनदा तरी काका एखादी काच बाजूला काढून ठेवत होते. दर वेळी तोच प्रकार, आधीच्याचा नंबर पुढच्याच्या काचेवर.

कारखान्यात सगळेच तिला मावशी म्हणायचे, पण ती खरी मावशी होती एकट्या लवंगीची. आई गेल्यापासून लवंगी तिच्याकडेच वाढली. लवंगी हे काही पाळण्यातलं नाव नाही, पण वात पेटली की फुटलीच, त्यामुळे पाळण्यातलं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. शाळेशी तिचं असंच फाटलं. सरांनी फळ्यावर गणित चुकवलं म्हणून ही भांडली, डस्टर खिडकीबाहेर भिरकावलं आणि दप्तर उचलून घरी आली ती आलीच. गणित हिचंच चुकलं होतं, हे दोन दिवसांनी कळलं. पण परत जायचं म्हणजे नाक खाली, आणि लवंगीचं नाक काही खाली यायला तयार नव्हतं. मग घरी बसून ती कोड लिहायला शिकली. मावशीने मालकांपुढे शब्द टाकला आणि मशिनचा प्रोग्राम लवंगीने लिहिला. जुन्या कॉम्प्युटरवर तो वर्षभर लोण्यासारखा चालला.

मग तो कॉम्प्युटर धापा टाकायला लागला म्हणून मालकांनी त्याच्या जागी तळहाताएवढा नवा कॉम्प्युटर बोर्ड बसवला. लवंगीने तोच प्रोग्राम त्यावर चढवला. चुका सुरू झाल्या त्या तेव्हापासून. पण तेव्हाच मावशीची पन्नाशीही मागे पडली होती, आणि लोकांना बोर्डापेक्षा पन्नाशी लवकर दिसते.

लवंगी पहिल्यांदा सगळ्यांवर तडकली, मग कामाला लागली. तिने प्रोग्राममध्ये पाळतीच्या ओळी घातल्या. मावशीने काय टाइप केलं, कुठला नंबर आला, कुठला घासायला गेला, हे दर वेळी मशिनने पडद्यावर छापायचं. त्या दिवशी मालकही खुर्ची टाकून मावशीच्या शेजारी बसले. संध्याकाळपर्यंत एकही काच चुकली नाही. पाळतीच्या ओळींनी मशीन जरा रेंगाळत होतं, म्हणून लवंगीने रात्री त्या काढून टाकल्या. मालकही आपल्या खोलीत परत गेले. आणि दुसऱ्याच दिवशी जेवायच्या सुट्टीआधी काकांनी एक काच बाजूला काढली.

त्या आठवड्यात मावशीला एक दिवस ताप आला. तिच्या जागी मालकांचा मेव्हणा मशिनवर बसला. या माणसाला स्वतःच्या शर्टाची बटणं नीट लावता येत नाहीत असं काका म्हणायचे, आणि काही खोटं नव्हतं. लवंगीला त्याचा भरवसा नव्हता, म्हणून तिने सकाळीच पाळतीच्या ओळी परत घातल्या. मेव्हण्याने दिवसभर गाणी गुणगुणत काम केलं आणि एकही काच चुकली नाही.

झालं. आता कुणी काही बोलायची गरजच उरली नाही. लक्ष ठेवलं की मावशी चुकत नाही, म्हणजे एरवी तिचं लक्ष नसतं. दुसरं कुणी बसलं की मशीन चुकत नाही, म्हणजे मशीन धड आहे. मालक काही वाईट नव्हते. त्यांनी मावशीला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि घरी सगळं ठीक आहे ना, झोप लागते ना, असं विचारलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. मावशी ओरडणाऱ्याला पुरून उरायची. पाण्याच्या त्या ग्लासाला कसं पुरून उरणार?

घरी आल्यावर ती लवंगीला म्हणाली, "माझंच चुकतंय गं."

"तुझं काही चुकत नाहीये."

"आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी भाजीत मीठ दोनदा पडायचं. मग एक दिवस मला म्हणाली, बाई, तुम्ही कुठल्या?"

लवंगीच्या आजीचं हे सगळं मावशीनेच निस्तरलं होतं. आजी स्वतःची लेक ओळखेनाशी झाली, तरी लेकीने तिचे केस विंचरायचे सोडले नव्हते. त्यामुळे मावशीची भीती ऐकीव नव्हती, तिने ती जवळून पाहिलेली होती. हल्ली ती दाराला कुलूप लावून चार पावलं चालायची आणि परत येऊन कुलूप ओढून बघायची. दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशीच उभी राहायची. गुरुवारची वेळ घेतली होती तिने, डोक्याच्या डॉक्टरांकडची. आणि मालकांना सांगून टाकलं होतं की गुरुवारी डॉक्टर काय म्हणतात ते बघू, पण तुम्ही दुसरं माणूस बघायला लागा. चुकीचा चष्मा घालून कुणी गाडी चालवली, तर ते पाप मला नको.

लवंगीला हे कळलं तेव्हा तिने ताट जरा जोरातच खाली ठेवलं. मशिनवरून उतरणं एक वेळ ठीक. पण मावशी स्वतःवरूनच उतरायला निघाली होती. गुरुवारी डॉक्टर काहीही म्हणोत, ती तिथे आपल्या डोक्यावर शिक्का मारून घ्यायलाच जाणार होती. आणि एकदा तिने मनात ठरवलं की आपण आईच्या वाटेने चाललोय, की मग तिला कोण परत आणणार?

मंगळवारी सकाळी लवंगी कारखान्याच्या मागच्या खोलीत घुसली आणि तिने बोर्ड विकणाऱ्या कंपनीतल्या दाढीवाल्या इंजिनिअरला फोन लावला. नमस्कार वगैरे काही नाही. तुमचा बोर्ड भंगार आहे, इथून सुरुवात. माणूस थंड डोक्याचा होता. तिचं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदा पाणीही प्यायला. ती दम घ्यायला थांबली तेव्हा त्याने एवढंच विचारलं, प्रोग्राममध्ये एकच धागा, म्हणजे थ्रेड, काम करतो की एकाच वेळी दोन?

दोन, लवंगी म्हणाली. एक थ्रेड ऑर्डर शोधून नंबर आणतो आणि मेमरीतल्या एका ठरलेल्या खणात ठेवतो. मग घंटी वाजवतो, म्हणजे एक फ्लॅग वर करतो. दुसरा थ्रेड त्या घंटीकडेच टक लावून बसलेला असतो. घंटी वाजली की खणातला नंबर उचलायचा आणि घासायला घ्यायचं.

"घंटी अ‍ॅटॉमिक आहे?"

"आहे की. मी काय वेडी आहे?"

"कुठल्या ऑर्डरिंगने, म्हणजे क्रमाच्या कुठल्या नियमाने लिहिलीस?"

लवंगीने स्क्रीनवर ती ओळ काढली. वर्षभरापूर्वी कुठंतरी वाचलं होतं तिने की सगळ्यात वेगवान तेच, म्हणून ठोकून दिलं होतं.

"रिलॅक्स्ड," ती म्हणाली.

दाढीवाला हसला नाही, हे त्याचं मोठेपण. त्याने समजावून सांगितलं. अ‍ॅटॉमिक म्हणजे घंटी अर्धवट वाजणार नाही, वाजेल तर पूर्ण वाजेल. एवढंच. तिच्या आधी काय झालेलं असेल याची हमी त्यात नाही. ती हमी वेगळी मागावी लागते. रिलॅक्स्ड लिहिलंस म्हणजे तू प्रोसेसरला सांगितलंस, बाबा रे, मागचंपुढचं तुझ्या सोयीने कर, माझं काही म्हणणं नाही. जुना कॉम्प्युटर त्या जातीचा नव्हता. तू सूट दिलीस तरी तो लिहिलेलं लिहिल्या क्रमानेच दुसऱ्याला दाखवायचा. हा नवा वेळ वाचवणारा आहे. कधी नंबर खणात पोचायच्या आतच घंटी दुसऱ्याला दिसते. दुसरा बिचारा उठतो, खणात हात घालतो, आणि त्याच्या हाताला लागतो...

"आधीच्याचा नंबर," लवंगी म्हणाली.

पण लगेच तिला आडवं सुचलं. मग मी पाळत ठेवली की चूक का होत नाही? यावरही त्याच्याकडे उत्तर होतं. छापायच्या त्या ओळी आत कुलूप लावतात आणि काढतात, आणि कुलूपकिल्ली आली की क्रम आपोआप लागतो. वर वेळही थोडा इकडचा तिकडे होतो. तू बघायला दिवा लावतेस आणि झुरळ पळतं, तसं.

लवंगीने डोळे मिटले. मालक शेजारी बसले तो दिवस. मेव्हण्याचा दिवस. दोन्ही दिवशी पाळतीच्या ओळी होत्या, आणि त्या तिनेच घातल्या होत्या. मावशीविरुद्धचा पुरावा तिने स्वतःच्या हाताने तयार करून दिला होता. भलं करायला गेली आणि मावशीचंच माप काढून बसली.

आता ती भरभर बोलायला लागली. "म्हणजे मेमरीचाच घोळ आहे ना, दादा? ... हो, कायम नाही, अधूनमधून. जुनं तेच धरून बसते, नवीन आत पोचलेलंच नसतं. ... आणि वरून बघितलं तर काही कळतच नाही, अगदी व्यवस्थित वाटते. ... नाही, मावशीला अजून काही बोलले नाही. आधी पक्की खात्री करते, उगाच तिच्या जिवाला घोर नको."

मेमरी हा शब्द मोठा वाईट. मराठीत तो बाईमाणूसच, त्यामुळे ती धरून बसते, ती व्यवस्थित वाटते, असंच बोलावं लागतं. आणि दाराबाहेर मावशी चहाचा कप घेऊन उभी होती, हे लवंगीला बऱ्याच वेळाने कळलं. तिला त्या वेळी कळलं ते एवढंच, की बाहेरच्या स्टुलावर कुणीतरी चहा ठेवून गेलंय आणि त्याच्यावर साय धरली आहे.

खात्री करणं सोपं होतं, पण धीर लागत होता, आणि नेमका तोच लवंगीकडे औषधालाही नव्हता. कारखान्यात जास्तीचा एक तसाच बोर्ड पडला होता. त्यावर तिने छोटा प्रोग्राम लिहिला. काच नाही, मशीन नाही, बटण नाही, माणूस नाही. नुसते ते दोन थ्रेड, खण आणि घंटी. एकाने नवा आकडा ठेवायचा आणि घंटी वाजवायची, दुसऱ्याने उचलायचा आणि जुळतोय का बघायचं, आणि हे थांबायचंच नाही. जुळला नाही की पडद्यावरचा चुकांचा आकडा एकाने वाढवायचा.

तिने चालू केला. शून्य. ती नख चावत बसली. शून्य. मांडी हलवली, उठली, खोलीत तीन चकरा मारल्या, परत येऊन बघितलं, तरी शून्यच. तिच्या मनात आलं, की दाढीवाल्याने आपली गोड बोलून बोळवण केली. तिने बोर्ड उचलून भिंतीवर आपटायचा बेत जवळजवळ पक्का केला. मग आठवलं की दोन्ही थ्रेड प्रोसेसरच्या एकाच भागावर, म्हणजे कोअरवर, बसले असतील, तर भांडण कसलं होणार? एकाच डोक्यात दोघं. तिने दोघांना वेगवेगळ्या कोअरवर बसवलं आणि पुन्हा चालू केलं.

शून्याचा एक झाला.

मग बराच वेळ काही नाही. मग तीन. मग लवंगी चहा विसरली, जेवण विसरली, फक्त बघत बसली. चुका होत होत्या. कुणीही बटण दाबत नव्हतं, कुणाचंही वय होत नव्हतं आणि चुका होत होत्या. तिने कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर पुसून चालू केला, तोच प्रोग्राम त्यावर टाकला. तिथे शून्य ते शून्यच. मग बोर्डावर येऊन दोनच शब्द बदलले. घंटी वाजवताना रिलीज, म्हणजे माझ्या आधी जे लिहिलंय ते सगळं पोचलेलं असल्याशिवाय मी कुणाला दिसणार नाही. आणि घंटी ऐकताना अक्वायर, म्हणजे मी घंटी ऐकली की त्यामागचं सगळं मला दिसलंच पाहिजे. दोघांनी हातात हात घ्यायचा, एकाने घेऊन भागत नाही. आता बोर्डावरही शून्य. दाढीवाला म्हणालाच होता की शून्य दिसणं हा पुरावा नव्हे. जुन्यावर तुझं नशिबाने चालत होतं, आता नियमाने चालेल.

घोडं नेमकं कुठं पेंड खात होतं ते सापडलं होतं. लवंगी जी धावत सुटली ती मशिनपाशी जाऊन थांबली. मशीन बंद होतं. मावशी नव्हती.

मावशी कपडे बदलायच्या कोपऱ्यात होती. कामाचा एप्रन काढून ती त्याची घडी घालत होती. साधी घडी नाही. आपण परत घालणार नाही अशा कपड्याची घालतात तशी, कडेला कड जुळवून.

"गुरुवारपर्यंत थांबायचं काय कारण?" ती म्हणाली. "मालकांना सांगितलं मी, उद्यापासून मेव्हण्याला बसवा. निदान गाणी तरी ऐकायला मिळतील सगळ्यांना."

"मावशी, ऐक—"

"मी ऐकलंय गं सगळं. सकाळी चहा घेऊन आले होते. तुझं त्या डॉक्टरांशी चाललं होतं."

"कुठल्या डॉक्टरांशी?"

"लपवू नकोस आता. मेमरीचाच घोळ आहे म्हणालीस. जुनं धरून बसते, नवीन आत पोचतच नाही. वरून व्यवस्थित वाटते." मावशीने एप्रनवरची न दिसणारी सुरकुती तळहाताने दाबली. "बरोबर बोललीस. आईचंही असंच होतं. तू दादा म्हणत होतीस, तेवढं बरं वाटलं. चांगला माणूस असेल."

लवंगीला क्षणभर काही कळेना. मग कळलं, आणि ती हसायला लागली. हसायची ती वेळ नव्हती हे तिलाही कळत होतं, पण हसू काही थांबेना. पोट धरून ती खोक्यावरच बसली. मावशीचा चेहरा पडला. मग लाल झाला. भाचीला लहानपणी जे कधी मारलं नव्हतं ते आता मारते की काय, असं वाटायला लागलं.

"मशिनची मेमरी गं," लवंगी कशीबशी म्हणाली. "बोर्डाची. तुझी नाही. डॉक्टर नाही तो, बोर्ड विकतो."

मावशीने एप्रनची आणखी एक घडी घातली. "माझी समजूत काढतेयस."

"मी कधी कुणाची समजूत काढली आहे का आजपर्यंत?"

हे खरंच होतं. पण एवढ्याने ती ऐकणार नव्हती. मग लवंगीने तिथल्याच एका रिकाम्या ट्रेमध्ये काचेचा तुकडा ठेवला, मावशीला पाठमोरं उभं केलं आणि सांगितलं, मी टाळी वाजवली की मागे न बघता हात घालायचा आणि असेल ते उचलायचं. टाळी वाजली. मावशीने तुकडा उचलला. परत ठेव, लवंगी म्हणाली, हा झाला आधीच्या गिऱ्हाइकाचा. आता मी नवीन ठेवणार. तिने दुसरा तुकडा हातात घेतला, पण ट्रेमध्ये ठेवायच्या आधीच टाळी वाजवली. मावशीने हात मागे घातला आणि जुनाच तुकडा उचलून समोर धरला.

तिने तो तुकडा उलटसुलट करून बघितला.

"मी तर टाळी ऐकूनच उचलला," ती म्हणाली.

"हो ना. तुझं काय चुकलं?"

"काहीच नाही चुकलं." मग अगदी हळू, "माझं काहीच नाही चुकलं?"

"काहीच नाही. चुकलं असेल तर टाळी वाजवणाऱ्याचं. म्हणजे माझं. आधी नंबर, मग घंटी, हा क्रम पक्का कर असं मी मशिनला सांगायला पाहिजे होतं. मी लिहिलं, निवांत राहा."

"निवांत?"

"रिलॅक्स्ड."

मावशीने एप्रन खाली ठेवला. "मशीन निवांत, आणि इथे माझी झोप उडाली," ती म्हणाली. लवंगीला वाटलं, आता कान पिळणार. पण मावशी म्हणाली, "मला दाखव."

मागच्या खोलीत लवंगीने जुना, बिघडलेला प्रोग्राम परत चालू केला आणि खुर्ची पुढे ओढली. मावशी चष्मा पुसून बसली. तोवर पडद्यावर चुकांचा आकडा सातवर गेला होता. तिने विचारलं, याला आता कुणी हात लावत नाहीये? कुणीच नाही, लवंगी म्हणाली. तू पण नाही? मी पण नाही. मावशीने खात्रीसाठी लवंगीचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेऊन धरले.

आठ झाले.

"झाली बघ," मावशी म्हणाली.

नऊ व्हायला वेळ लागला. मावशी पापणी न हलवता बघत होती. नऊ झाल्यावर तिने मान डोलवली, गवयाने समेवर यावं तशी. दहाला ती गालात हसली. बाराला तिने लवंगीचा हात दाबला. इतकी वर्षं जिने एकही काच चुकू नये म्हणून जिवाचं रान केलं, ती बाई आता मशीन चुकावं म्हणून पुढे सरकून बसली होती, आणि ते चुकलं की अजून एक, अजून एक, असं पुटपुटत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला दोन्हींतला एकही हात मोकळा नव्हता.

"अख्खा जीव भांड्यात पडला गं," ती शेवटी म्हणाली. "भांडं मोठं लागलं."

मग मालक आले, काका आले. लवंगीने सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी चूक माझी हे वाक्य तिने सुरुवातीलाच उरकून घेतलं, औषध गिळावं तसं. मालक काही बोलायच्या आत मावशीच म्हणाली की पोरगी मशिनवर काम करते, चुकणारच, आपणही शिकताना किती काचा फोडल्या होत्या. मालकांनी मान खाली घातली. माफी मागायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे त्यांनी पुन्हा पाणी मागवलं. मावशीने ते घेतलं आणि या वेळी पूर्ण प्यायली. काकांनी विचारलं, म्हणजे मेव्हणा आता मशिनवर बसणार नाही ना? नाही म्हटल्यावर त्यांनी असा सुस्कारा सोडला की, सगळ्यात जास्त सुटका त्यांचीच झाली असं वाटावं.

दुरुस्त केलेला प्रोग्राम लवंगीने मशिनवर चढवला आणि पाळतीची एकही ओळ ठेवली नाही. मावशीने घडी मोडून एप्रन घातला. पहिल्या दोन-चार काचा तिने जपून लावल्या, मग हात सुटला. गेले कित्येक दिवस ती आकडा टाइप करून पुन्हा वाचायची, बटणावर बोट ठेवून थांबायची. ते सगळं गेलं. काच, आकडा, बटण. काच, आकडा, बटण. शेजारी उभं राहून बोलायचं म्हटलं तरी तिची गती कमी होईना. काका एकेक काच यंत्राखाली धरत होते आणि बरोबर, बरोबर म्हणत होते, आणि थोड्या वेळाने त्यांनी म्हणायचंही सोडलं.

चहाच्या सुट्टीत तिने डॉक्टरांकडे फोन करून गुरुवारची वेळ रद्द केली. पलीकडच्या मुलीने कारण विचारलं. मावशी म्हणाली, "विसर मशिनला पडत होता, बाळ. ते माझ्या नावावर लागलं होतं." बहुतेक ती मुलगी हे कुठल्या रकान्यात लिहायचं याचा विचार करत असावी.

संध्याकाळी दोघी निघाल्या. मागच्या खोलीला कुलूप लावून मावशी परत ओढून बघायला आली नाही, हे लवंगीने बघितलं. बस थांब्यावर गर्दी नव्हती. मावशी बडबडत होती. बाजारातून काय आणायचं, खोलीचा पडदा किती मळलाय, दाढीवाल्याचं लग्न झालंय का, नसेल तर वय काय. लवंगी नुसतं हूं हूं करत होती. तिचं लक्ष मावशीच्या पायांकडे गेलं होतं.

मावशीच्या पायात कारखान्यातल्या निळ्या रबरी चपला होत्या. मशिनपाशी पाणी सांडतं म्हणून तिथे घालायच्या त्या. तिच्या स्वतःच्या चपला तिकडेच राहिल्या होत्या.

सांगावं की नको? कालची मावशी असती तर हे बघून तिथेच मटकन बसली असती. तिने ठरवलं की बोलायचंच नाही, घरी जाऊन गुपचूप काढून ठेवायच्या. पण मावशीने तिच्या नजरेमागे नजर नेली आणि खाली बघितलं.

"अगंबाई," ती म्हणाली. "चपला विसरले."

लवंगी तिला धरायला पुढे झाली.

मावशीने एक पाय उचलून चपलेचा तळ बघितला, काचेचा चुरा चिकटला होता तो झटकला. "बोलण्याच्या नादात," ती म्हणाली. "उद्या बदलीन." आणि ती परत दाढीवाल्याच्या वयावर आली, तिशी तरी असेलच, हो ना?

बस आली. मावशी पुढे चढली आणि रबरी चपलांचा फटक् फटक् आवाज करत थेट मागच्या सीटपर्यंत गेली. लोक वळून बघत होते. तिने खिडकीशेजारची जागा स्वतः घेतली आणि लवंगीसाठी शेजारच्या जागेवर पिशवी ठेवून हाक मारली.